मिनिटबाई आणि मास्तर

बसथांब्यासमोर तिरकी उभी राहिलेली ती लाल गाडी चार मिनिटं झाली तरी हलायचं नाव घेईना, तेव्हा तिनं हातातली फाइल बगलेत मारली, सरळ गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केलं.

काच खाली झाली. स्टिअरिंगवर एक टकलू काका होते, घामानं डबडबलेले. शेजारच्या सीटवर तिशीतला एक तरुण मात्र घरच्या पायरीवर हवा खात बसल्यासारखा निवांत.

"चार मिनिटं झाली," ती म्हणाली. "मागे बस उभी आहे. आत बावन्न माणसं आहेत."

त्यानं मान वळवून मागे बघितलं. "त्रेपन्न. ड्रायव्हरला धरलं नाहीत तुम्ही."

"गाडी हलवा आधी!"

"हलवतोय की. पण तुम्ही आवाज चढवलात तर काका आणखी घाबरतील, आणि मग चाराची चौदा होतील. एकच मिनिट द्या..."

"एका मिनिटात बस तीनशे मीटर जाते."

"हो का? मग आमची किती जाते तेही बघाच." तो काकांकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. मऊ झाला. "काका, काहीही झालेलं नाही. मागचे लोक आपल्यावर रागावलेले नाहीत. या मॅडमही नाहीत, त्यांचा चेहराच तसा आहे. डावा पाय अगदी सावकाश वर... अजून थोडा... हां. बघा. निघाली."

गाडी खरंच निघाली. गचके न खाता, लोण्यातून सुरी जावी तशी. खिडकीतून एक हात बाहेर आला, टाटा करून आत गेला. गाडीच्या मागे ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती.

'चेहराच तसा आहे' हे वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं.

ती शहराच्या बसखात्यात वेळापत्रकं करायची. कुठली बस किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्याला कधी लागेल, हे सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. मिनिटामिनिटाचा हिशेब डोक्यात असल्यामुळे ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी तिचं नाव मिनिटबाई ठेवलं होतं. तिला ते आवडायचं नाही, पण ते वापरायचं सोडतील तर शपथ.

त्या वर्षी शहरानं गर्दी-शुल्क लावलं होतं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, स्वतःची गाडी घेऊन शहराच्या मधल्या भागात शिरायचं असेल तर पैसे भरायचे. प्रत्येक वाटेवर कॅमेरे बसले. जमलेल्या पैशांना दुसरीकडे पाय फुटू नयेत म्हणून नियमातच लिहून ठेवलं होतं, की हा पैसा फक्त बसचा. त्यातून नव्या विजेवरच्या बस आल्या, नवे मार्ग आखले गेले, जुन्या मार्गांवर फेऱ्या वाढल्या. लोकांनी सुरुवातीला शिव्यांची लाखोली वाहिली. तिचा दादा तर रोज जेवताना म्हणायचा, "आज परत तुझ्या खात्याला देणगी देऊन आलो."

"मग बसनं जा," वहिनी म्हणायची.

"बसनं काय जा? माझी गाडी काय शोभेला आहे?"

"शोभेला तरी कुठं आहे, धूर केवढा सोडते," असं म्हणून वहिनी त्याच्या ताटात भात वाढायची, आणि विषय संपायचा. तीन महिन्यांनी दादा बसनं जायला लागला. मात्र ते कबूल करायला त्याला आणखी एक महिना लागला.

*

शुल्क लागून चार महिने झाले होते, तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिला बढती मिळत होती. मार्ग निरीक्षक.

"एकच अडचण आहे," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे निरीक्षकाकडे गाडी चालवायचं लायसन्स लागतं."

"बसखात्यात?"

"पहिली बस पहाटे साडेचारला डेपोतून निघते. निरीक्षकानं चारला तिथं हजर पाहिजे. चारला तिथं कशानं जाणार? त्या वेळी बस नसते."

ती हसली. साहेब हसले नाहीत. सहा आठवड्यांची मुदत होती.

घराजवळ पूर्वी तीन ड्रायव्हिंग स्कूल होती, त्यातली दोन बंद पडली होती. उरलेल्याच्या दारातून ती आत गेली, तेव्हा टेबलापाशी एक काकू फोनवर कुणाला तरी पत्ता समजावून देत होत्या. आतल्या दारातून हात पुसत जो बाहेर आला, त्याला बघून तिला वाटलं, उलट्या पावली निघून जावं.

"चार मिनिटं!" तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "या, या. गाडी हलवायला शिकायचंय, का थांबवायला?"

"दोन्ही," ती म्हणाली. आणि मग, राहवलं नाही म्हणून, "चेहरा बदलायलाही शिकवता का?"

त्याचे कान लाल झाले. तिला फार बरं वाटलं.

सगळे विद्यार्थी त्याला मास्तर म्हणायचे, मग तीही म्हणायला लागली. शिकवणी रोज सकाळी साडेसहाला. पहिल्या दिवशी त्यानं गाडी सुरूच करू दिली नाही. सीट पुढे-मागे कशी करायची, पाय कुठं ठेवायचे, आरसे कसे लावायचे, यातच अर्धा तास गेला.

"मधल्या आरशात काय दिसतंय?"

"मागचा रस्ता."

"आणि?"

"तुमचा कान."

"कान दिसतोय म्हणजे आरसा चुकलाय. परत लावा." मग तो थोडा वळून बसला. "आणि एक सांगतो. माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. तेव्हा तुम्ही पाहिजे तेवढं घाबरा, गाडीची काळजी मी करतो."

"मी घाबरत नाही."

"छान. मग स्टिअरिंग जरा सैल धरा... ते पळून जाणार नाही."

ती खरंच घाबरत होती. वेळापत्रकात शहर सगळं सरळ रेषांचं असायचं. रस्त्यावर ते चारी बाजूंनी अंगावर यायचं. दुसऱ्या आठवड्यात भर चौकात गाडी बंद पडली, आणि नेमकी शेजारी चौदा नंबरची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय मिनिटबाई! आज तुमच्यामुळे आम्हाला उशीर का?" आख्खी बस हसली.

मास्तर हसला नाही. सिग्नल ओलांडून पुढे गेल्यावर मात्र, समोर बघत, हळूच म्हणाला, "मिनिटबाई... चांगलं आहे."

"तुम्ही म्हणायचं नाही."

"बरं, मिनिटबाई."

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "आरसा परत माझ्याकडे वळलाय."

"रस्ता खराब आहे. हादऱ्यानं हलतो."

"हा रस्ता? परवाच नवा केलाय."

तिनं गिअर बदलला. पहिल्यांदाच आवाज न होता बदलला.

एका सकाळी पावसाची भुरभुर होती. वायपर कसे वापरायचे ते शिकून झालं, पण आतून काच धुरकटत होती. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि तिच्या बाजूची काच पुसायला हात लांब केला. तो हात तिच्या चेहऱ्यासमोरून गेला, परत आला... आणि ती रस्ता सोडून त्याच्या मनगटावरच्या घड्याळाच्या खुणेकडे बघत राहिली. घड्याळ नव्हतं, नुसता गोरा पट्टा.

"समोर बघा," तो म्हणाला.

"बघतेय."

"ते सायकलवाले गृहस्थ दिसले का मग?"

दिसले नव्हते. त्यानंच ब्रेक दाबला होता.

त्यानं गाडी कडेला घ्यायला सांगितली. पाऊस टपावर वाजत होता. बोलता बोलता त्यानं स्कूलचं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. पूर्वी एका वेळी बावीस विद्यार्थी असायचे. आता सात. "तुम्हाला धरून." दुसरी गाडी विकली, ती चालवणारा सहकारी दुसरीकडे लागला.

"तुमची ती एकतीस नंबर पोरांना थेट कॉलेजच्या फाटकात सोडते. दर सात मिनिटांनी. मग गाडी शिकायला येणार कोण?"

"दर आठ," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

तो मोठ्यानं हसला.

"राग येतो का हो?" तिनं विचारलं.

"सकाळी येतो. संध्याकाळी आई एकतीसमधून मावशीकडून परत येते. मी तिला वर्षातून दोनदा नेत होतो, आता ती आठवड्यातून दोनदा जाते. वर सांगते, दोरीवरचे कपडे आता काळे पडत नाहीत. मग कुणावर रागवायचं तेच कळेनासं होतं." त्यानं काचेवरून परत रुमाल फिरवला. "एक गोष्ट मात्र चुकीची आहे. लायसन्सची परीक्षा जिथं होते ते मैदान शुल्काच्या हद्दीत आहे. शिकाऊ माणसाला परीक्षेला न्यायचं, सरावाला न्यायचं, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याखालून जायचं. बसनं नेऊन परीक्षा कशी देणार? तीन अर्ज केले. उत्तर नाही. तेवढं बघाल?"

"बघते," ती म्हणाली.

आणि तिनं बघितलं. आठवडाभर मैदानाच्या फाटकाशी उभं राहून शिकाऊ गाड्या मोजल्या, टिपण लिहिलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "एकाला सूट दिली की दहा जण रांगेत उभे राहतात." ती म्हणाली, "मग सूट देऊ नका. मैदान हलवा. डेपोशेजारी मोकळी जागा पडून आहे." साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. टिपण पुढे गेलं.

पण तिनं आणखी एक गोष्ट केली. ती कुणी सांगितली नव्हती.

*

डेपोत शुल्काच्या पैशांतून आलेल्या चाळीस नव्या बस नुसत्या उभ्या होत्या. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. चालवायला माणसं नव्हती. टेकडीपलीकडच्या वसाहतीसाठी तिनं सत्तेचाळीस नंबरचा मार्ग आखला होता; तिथले लोक पाऊण तास चालून थांब्यावर यायचे. मार्ग कागदावर तयार, बस डेपोत तयार, ड्रायव्हर नाहीत. खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात एक शिक्षक निवृत्त झालेला, दुसरा असा ओरडायचा की निम्मी मुलं पंधरा दिवसांत पळून जायची.

न ओरडता शिकवणारा एक माणूस तिला माहीत होता. तिनं प्रशिक्षकाच्या जागेसाठी त्याचं नाव सुचवलं. माहितीचा फॉर्म स्वतःच भरला. परीक्षा झाली की सांगू, त्याला आनंद होईल, असं तिच्या मनात होतं. खात्याचं काम एरवी मुंगीच्या पावलानं चालायचं. या वेळी पत्र चार दिवसांत त्याच्या घरी पोचलं.

परीक्षेला दोन दिवस होते. सकाळी ती गाडीत बसली, तेव्हा पत्र समोर डॅशबोर्डवर होतं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"मी सांगणारच होते... जागा चांगली आहे. तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही. मला वाटलं—"

"तुम्हाला वाटलं. मला काय वाटतं ते?"

तिनं पत्र उचललं, परत ठेवलं.

"मी तुम्हाला शुल्काचं बघा म्हटलं होतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "माझं बघा असं नव्हतं म्हटलं. सात विद्यार्थी असले तरी माझी शाळा आहे. ती बंद करून मला कुठं बसवायचं, हेही तुमच्या टेबलावर ठरायला लागलं का?"

"तसं नाही हो..."

"गाडी सुरू करा. रिव्हर्सचा सराव राहिलाय."

परीक्षेच्या दिवशी नियमाप्रमाणे तो मागच्या सीटवर बसला. तिनं दोन खांबांमध्ये गाडी मागे घेऊन बरोबर लावली, चढावर थांबवून सोडली, आणि पास झाली. फाटकापाशी त्यानं तिचे कागद तिच्या हातात दिले.

"अभिनंदन, मॅडम."

मॅडम. तिला ते नको असलेलं नाव ऐकायचं होतं.

*

"लायसन्स मिळालंय का जप्त झालंय?" आठ दिवसांनी वहिनीनं विचारलं. "तोंडाकडे बघून कळत नाही म्हणून विचारते."

तिनं सगळं सांगितलं. वहिनी भाजी निवडत ऐकत होती.

"तू चुकलीस," ती शेवटी म्हणाली.

"माहितीये."

"त्याला सांगितलंस?"

"त्याला ऐकायचं नाहीये."

"ऐकायचं का नाही ते तो ठरवेल. तू सांगून तर ये."

तिनं आधी साहेबांकडून शिफारस मागे घेतल्याचं पत्र लिहून घेतलं. मग ते घेऊन स्कूलमध्ये गेली. मास्तर शिकवणीला बाहेर गेला होता. काकूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्र वाचलं.

"चुकलं माझं, काकू. विचारायला हवं होतं."

"हवं होतं," काकू म्हणाल्या. तिची समजूत घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. पत्राची घडी घालून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. "ही खोली बघतेस ना? इथं माझ्या सासऱ्यांचा टायपिंगचा क्लास होता. सोळा मशिनं. दिवसभर नुसता कडकडाट. मग संगणक आले. शेवटी शेवटी तिघं जण यायचे. माझ्या नवऱ्यानं एक दिवस सगळी मशिनं विकली आणि एक जुनी गाडी आणून दारात उभी केली. सासरे तीन महिने बोलले नाहीत त्याच्याशी."

"मग?"

"मग एका सकाळी कोट घालून खाली आले आणि म्हणाले, मलाही शिकव. चौसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं. फार वाईट चालवायचे." काकू हसल्या. "हे सगळं मी माझ्या मुलाला सांगू शकते. पण सांगणार नाही. तुझ्यासारखीच चूक होईल. त्याचं त्याला कळू दे. पत्र तेवढं देते."

निघताना त्यांनी विचारलं, "ती एकतीस नंबर तूच काढलीस म्हणे?"

"हो."

"तिची परतीची शेवटची फेरी साडेसातऐवजी आठला कर. बहिणीकडून उठवत नाही मला."

ती हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

*

पुढच्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. शुल्क कायम ठेवायचं की नाही यावर नगरसभेत मतं घेतली गेली, आणि पाच मतांनी ते टिकलं. आणि परीक्षेचं मैदान शहराबाहेर, डेपोशेजारी हललं. तिच्या टिपणावर साहेबांनी 'मान्य' असं लिहिलं होतं, त्याखाली आणखी चौघांनी.

नव्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात मास्तर एका विद्यार्थ्याला घेऊन आला. मैदान आणि डेपो यांच्यामध्ये फक्त जाळीचं कुंपण. पलीकडे बसचं प्रशिक्षण चाललं होतं. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी लांबलचक बस मागे घेत होती, आणि खाली उभा राहून तिचा शिक्षक कोकलत होता. मुलीनं बस थांबवली. शिक्षक पाय आपटत चहा प्यायला निघून गेला.

मास्तर कुंपणापाशी गेला. पुढचं डेपोच्या वॉचमननं मिनिटबाईला रंगवून सांगितलं. "जाळीला नाक लावून उभा होता हो! म्हणाला, ताई, काच खाली घ्या. घाई नाही. डाव्या आरशात मागचं चाक दिसतं का? त्या पांढऱ्या रेघेवरून त्याला चालू द्या. बाकी सगळं विसरा. आणि पोरीनं नेली की बस रेघेवर! एका झटक्यात!"

"मग?"

"मग काय, बाकीची पोरंपण कुंपणाला येऊन चिकटली. तासभर हलला नाही तो. त्याचा तो विद्यार्थी बिचारा एकटाच परीक्षा देऊन आला."

पास का नापास, ते मात्र वॉचमनला माहीत नव्हतं.

तिनं काही केलं नाही. फोन केला नाही, नाव सुचवलं नाही, मैदानाकडे फिरकलीही नाही. फार जड गेलं. पंधरा दिवसांनी साहेबांच्या टेबलावर एक अर्ज आला. हातानं लिहिलेला, एका पानाचा. सही ओळखीची होती. तिच्या शिकवणीच्या कार्डावर रोज तीच असायची.

पण बस शिकवायची तर आधी बसचं लायसन्स पाहिजे. म्हणजे मास्तरलाच शिकावं लागणार होतं. डेपोच्या भेटीवर असताना एका दुपारी तिला ते दृश्य दिसलं: मोकळ्या पटांगणात एक भली मोठी बस, आणि ड्रायव्हरच्या जागी मास्तर, कपाळावर घाम. वळण चुकलं. बसच्या मागच्या कोपऱ्यानं एक खांब अलगद आडवा केला.

ती बसच्या दारापाशी गेली. तो खाली उतरून खांबाकडे बघत होता.

"हा तिसरा," तो म्हणाला. जणू काल संध्याकाळीच बोलणं अर्धवट राहिलं होतं.

"बस बारा मीटरची आहे. शेपूट बाहेर जातं."

"ते आता कळलंय. खांबालाही कळलंय."

दोघं मिळून खांब उभा करायला लागले. तो रबरी होता, पण खाली जड.

"तुमचं पत्र मी फाडलं," तो खांब धरून म्हणाला. "पहिलं आणि दुसरं, दोन्ही."

"माफी मागायची होती. तुम्ही नव्हता त्या दिवशी."

"आईनं सांगितलं." त्यानं खांबावरची धूळ झटकली. "मी पण जास्तच बोललो. तुम्ही काही चुकीचं सुचवलं नव्हतं... पण माझ्या तोंडून ते आधी यायला हवं होतं."

"आणि शाळा?"

"शनिवार-रविवार चालू ठेवलीय. फोन आईच घेते. मैदान हललं तसे दोन विद्यार्थी वाढलेत. ते तुम्ही केलंत ना?"

"तुम्ही सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. "ते सांगितलं होतं मी."

खांब उभा राहिला. थोडा वाकडाच.

*

सत्तेचाळीस नंबर सुरू झाली त्या दिवशी ऊन कोवळं होतं. नव्या प्रशिक्षकानं एक महिना स्वतः मार्गावर बस चालवायची असा नियम होता, आणि नव्या मार्गाच्या पहिल्या फेरीत निरीक्षकानं बसमध्ये असायचं असाही नियम होता. हे दोन नियम एकाच बसमध्ये कसे आले, हे साहेबांनी तिला सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

बस टेकडीला वळसा घालून वर गेली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. फक्त टायरखाली खडी वाजायची. वसाहतीच्या शेवटच्या थांब्यावर परतीच्या फेरीला आठ मिनिटं होती. लोक आधीच येऊन उभे होते, पिशव्या घेऊन, मुलांना घेऊन. कुणी बसला हात लावून बघत होतं.

मास्तरनं नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन आपल्या जागी बसला. ती पुढच्याच सीटवर, मांडीवर कागद.

"आई रोज विचारते, ती मुलगी कुठं असते," तो म्हणाला. "मी म्हणतो, डेपोत असते. ती म्हणते, डेपोत असते ते कळलं. घरी कधी येणार?"

"घरी कशाला?"

"तिला वाटतं, जेवायला." तो रुमालानं हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते. "मला वाटतं... कायमचं."

ती कागदाकडे बघत होती. कागदावरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. इतक्यात दारात एक आजोबा येऊन उभे राहिले.

"बाई, ही बाजारात जाते का?"

"जाते, आजोबा. बसा. सावकाश चढा."

आजोबा चढले, त्यांच्या मागून आणखी सात-आठ जण. मास्तर पुढे बघत बसला होता. त्याचे कान लाल झालेले तिला स्पष्ट दिसत होते.

"मला घाई नाही," तो पुटपुटला. "तुम्ही विचार करून—"

"विचार झालाय," ती म्हणाली. "खांब उचलला त्याच दिवशी झाला. काकूंना सांगा, रविवारी येते. वहिनीही येईल बरोबर. तिला कळल्यावर ती मागे राहायची नाही."

"म्हणजे... हो?"

"हो."

तो तसाच तिच्याकडे बघत राहिला. बस भरली होती. मागून एक बाळ रडायला लागलं, कुणीतरी खिडकी सरकवली, आणि एका बाईनं दुसरीला विचारलं की ड्रायव्हरला बरं नाही का.

"अरे, निघ आता," ती म्हणाली. "लोक बसलेत."

तो दार लावायला वळला होता, तो अर्ध्यातच थांबला. "काय म्हणालात?"

तिच्याही लक्षात आलं होतं. ती खिडकीबाहेर बघत हसली.

"निघ म्हटलं."